टिचकी

आई कुंभारवाड्यात माठ घ्यायची
तेव्हा कुंभाराच्या शब्दापेक्षा
स्वतःच्या बोटावर भिस्त ठेवायची.
टण्ण वाजला तर पैसे,
भद्द वाजला तर पुढचं दुकान.
कुंभार कधी रागावला नाही.

शिवडीच्या रंगाच्या कारखान्यात
माझ्या टेबलावर पाटी होती : अंतर्गत लेखापरीक्षण.
टेबल मात्र रेगेसाहेबांच्या केबिनबाहेर,
त्यांच्या पंख्याच्या उरल्यासुरल्या वाऱ्यात.
त्यांची व्हाउचरं मी तपासायची,
माझी पगारवाढ ते लिहायचे.
तीन वर्षं माझे अहवाल
हिरव्या टॅगने ओवले गेले, कपाटात गेले,
झुरळांनी वाचले.
शेरे सौम्य : ‘सुधारणेस वाव आहे.’
वाव म्हणजे भगदाडच,
इस्त्री केलेलं.

मग बोर्डावर फ्रेनीबाई घडियाली आल्या.
सत्तरीच्या, कानात यंत्र.
म्हणाल्या, ‘पान सतरा कोणी वाचला?’
सगळे आपापल्या कपातला चहा वाचू लागले.

महिन्याभरात माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीत खाडी, ओहोटीला रोहित पक्षी,
मान खाली घालून तासन्‌तास चिखल चाळणारे.
आपल्याच भावकीतले, म्हटलं.
आता माझा कागद आधी फ्रेनीबाईंकडे जाणार,
रेगेसाहेबांकडे नंतर.

एवढ्यानेही काही सापडलं नसतं.

मोजणीच्या दिवशी स्टोअरचे दिगंबर सावे
शिडी धरून उभे.
कागदावर थिनरचे ड्रम चारशे बारा.
मोजले. चारशे बारा.
पेनाचं टोपण काढलं, आणि सहज विचारलं,
‘सावे, तुम्ही माझ्या जागी असता
तर कुठे बघितलं असतं?’
ते बराच वेळ शिडीच्या पायरीकडे बघत राहिले.
‘मागच्या तीन रांगा.
अकरा वर्षं झाली, मॅडम.
मोजून सगळे जातात. विचारत कोण नाही.’

थिनरपाशी लोखंडावर लोखंड मारायचं नसतं,
म्हणून बोटानेच.
माठाच्या अगदी उलट हिशेब :
भद्द तो खरा,
टण्ण तो पोकळ.
एकसष्ट ड्रम वाजले,
सील शाबूत, पोट रिकामं.

त्या वर्षी कंपनीचा नफा घसरला.
हे मुद्दाम लिहून ठेवते, पुस्तकात नसतं :
तपासणी नेकीने झाली की आकडा आधी पडतो.
सूज उतरावी तसा.
रेगेसाहेब गेले, प्रकृतीच्या कारणास्तव, पुष्पगुच्छासह.
वाहतुकीचा कारकून केरकर पुष्पगुच्छाशिवाय.
त्याची मुलगी माझ्या भाचीच्या वर्गात.
ह्याला अहवालात रकाना नाही.
शोधला होता मी.

दुसऱ्या वर्षी कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता,
टर्पेंटाइनवाल्याला पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळू लागले.
त्याने दर उतरवला.
रंग फाटला म्हणून परत येणारे डबे
आठवड्याला टेम्पोभर होते, ते हातगाडीवर आले.
बोनस दसऱ्याआधी झाला.
भाषणात चेअरमननी श्रेय बाजाराला दिलं.
असू दे.
गळकी तोटी बंद झाल्यावर
तोटीचा सत्कार कोण करतं?

सावे निवृत्त झाले. त्यांच्या जागी निहाल तांडेल,
मिसरूड नुकतं फुटलेला.
परवा खाली गेले तर तो उतरलेल्या प्रत्येक ड्रमला
टिचकी मारत होता, कान लावून,
मग वहीत बारीकशी खूण.
म्हटलं, ‘कोणी शिकवलं?’
‘सावेकाका.’

मग मला आपादमस्तक न्याहाळत,
‘मॅडम, स्टोअरचा पास?’

पास वर राहिला होता.
तीन मजले चढून आणला.